वजन आणि सामर्थ्य : व्यायामातील प्रगतीचा खरा हिशेब

यमुनेच्या पूर्वेस वसलेल्या मयूर विहारात उजाडण्यापूर्वीच संजय झीलच्या काठाने, गृहनिर्माण सोसायट्यांच्या आतल्या रस्त्यांवरून आणि दिल्ली विकास प्राधिकरणाच्या लहानमोठ्या उद्यानांतून जी माणसे नेमाने चालताना दिसतात, त्यांत नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्रातून येऊन येथेच स्थायिक झालेली आपली मंडळीही असतात. आणि त्यांपैकी पुष्कळांनी हा नेम डॉक्टरांच्या एका वाक्यावरून आरंभलेला असतो : ‘वजन कमी करा.’ सल्ला हितबुद्धीने दिलेला असतो आणि तो पाळण्याचा निश्चयही प्रामाणिक असतो. परंतु दोन-तीन महिने घाम गाळल्यानंतरही काट्यावरचा आकडा जेव्हा किलो-दीड किलोपलीकडे हलत नाही, तेव्हा ‘आपल्याला व्यायाम लागू पडत नाही’ असा ग्रह करून घेऊन माणूस चालणे सोडतो, आणि ज्या दिवसांत त्याचे हृदय, स्नायू व रक्तवाहिन्या सुधारणेच्या मार्गाला लागलेल्या असतात, नेमक्या त्याच दिवसांत तो मार्ग स्वतःच्या हाताने बंद करतो.

ही हानी टाळता येण्याजोगी आहे, आणि ती टाळण्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत की व्यायामशाळेची वर्गणीही लागत नाही. वजन हे शरीराच्या एकूण राशीचे माप आहे; त्या राशीत काय काय आहे आणि ती राशी कोणते काम करू शकते, या दोन प्रश्नांवर फैसला देण्याचा अधिकार काट्याला कधीच नव्हता. तो अधिकार कोणाला आहे, कोणती मापे घरच्या घरी घेता येतात, ती किती मुदतीने घ्यावीत आणि त्यांचा अर्थ कसा लावावा, याचा तपशील पुढे क्रमाने देत आहे.

काट्यावरचा आकडा कशाचा बनतो

प्रवासाची पेटी रेल्वेच्या पार्सल कचेरीत तोलली असता तिचे वजन कळते, पण आत पुस्तके आहेत की पितळी भांडी, हे कळत नाही; शरीराच्या तोलाचेही तसेच आहे. हाडे, स्नायू, चरबी, रक्त, आतड्यांतील अन्न आणि या सर्वांत भिनलेले पाणी यांची ती गोळाबेरीज असते, आणि यांतील पाण्याचा अंश दिवसागणिक बदलत असतो. आपण खाल्लेल्या पिष्टमय पदार्थांपैकी काही भाग शरीर ग्लायकोजेनच्या रूपाने यकृतात आणि स्नायूंत साठवून ठेवते, आणि या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी बांधले जाते. म्हणूनच दोन दिवस उपवास घडला की दीड-दोन किलो वजन उतरल्याचा आनंद होतो आणि लग्नाच्या पंगतीनंतर तेवढेच वाढल्याचे दुःख होते, जरी या दोन्ही प्रसंगी चरबीत झालेला फरक नगण्य असतो. लोणच्या-पापडांतील मीठ, स्त्रियांचे मासिक चक्र, बद्धकोष्ठ, आदल्या दिवशीचा कष्टाचा व्यायाम, ही सर्व कारणे किलो-दोन किलोंची तफावत पाडावयास पुरेशी आहेत.

याहून महत्त्वाची गोष्ट स्नायूंची आहे. सारख्याच वजनाची चरबी स्नायूपेक्षा अधिक जागा व्यापते, कारण स्नायू तिच्याहून घन असतो. ज्याने वर्षानुवर्षे बैठे काम केले आहे अशा माणसाने जर चालण्याबरोबर बैठका, जोर किंवा वजने उचलणे यांचा अभ्यास आरंभला, तर आरंभीच्या काही महिन्यांत त्याची चरबी घटत असताना स्नायू वाढत असतात, आणि जमाखर्चाची बाकी काट्यावर जवळजवळ शून्य दिसते. पँटचा पट्टा एक छिद्र आत गेलेला असतो, जिने चढताना लागणारी धाप कमी झालेली असते, आणि काटा मात्र तीच संख्या दाखवीत असतो.

खाशाबांचे उदाहरण

ही गोष्ट मराठी माणसाला नवी वाटू नये, कारण आपल्या कुस्तीच्या परंपरेत तिचा दाखला आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडनच्या ऑलिंपिकमध्ये उतरले ते ५२ किलोंच्या फ्लायवेट गटात, आणि तेथे त्यांचा सहावा क्रमांक आला. चार वर्षांनी, १९५२ मध्ये, हेलसिंकी येथे ते उतरले ते त्यावरच्या, ५७ किलोंच्या बँटमवेट गटात, आणि त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्या चार वर्षांच्या मेहनतीचा निवाडा कोणी वजनगटावरून करू पाहिला असता तर ‘मल्ल जड झाला’ एवढाच शेरा त्याला मारता आला असता. वास्तविक त्या काळात वाढले होते ते बळ, चापल्य, दमसास आणि मातीऐवजी गादीवर लढण्याचे कसब.

कुस्तीच्या शास्त्राने वजनाला जी जागा दिली आहे ती विचार करण्यासारखी आहे. कुस्तीत मल्लांना तोलतात ते सारख्या वजनाच्या दोघांना समोरासमोर आणण्यासाठी, म्हणजे वजनाचा प्रश्न आधीच निकालात काढण्यासाठी. त्यानंतर जो जिंकतो तो वजनाखेरीज इतर सर्व गुणांवर जिंकतो. आपल्या तालमींतही वस्ताद शागिर्दाला विचारीत तो प्रश्न जोरांचा आणि बैठकांचा असे. सूर्यनमस्काराचा हिरीरीने प्रसार करणारे औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जो नेम घालून दिला तोही नमस्कारांच्या संख्येचा होता. प्रगती कृतीने मोजावी हा आपला जुनाच शिरस्ता असून, तो आता फक्त पुन्हा सुरू करावयाचा आहे.

सारखे वजन, निराळी प्रकृती

भारतीयांच्या बाबतीत वजनावर विसंबणे अधिकच धोक्याचे का आहे, हे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने स्पष्ट झाले आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचा शरीर-वस्तुमान निर्देशांक, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा, तंतोतंत सारखा, २२.३ होता, परंतु यंत्राने तपासणी केली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाले. सारखे निर्देशांक आणि चरबीत दुपटीहून अधिक अंतर! दिसण्यात सडपातळ पण आतून चरबीयुक्त अशी ही भारतीय प्रकृती जन्मापासूनच घडत असते, हे याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील गावांत १९९३ पासून चालवलेल्या माता-बालकांच्या अभ्यासातून दाखवून दिले : इंग्लंडमधील बालकांच्या तुलनेने आपली बालके वजनाने पुष्कळच कमी असली, तरी त्यांच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नसते. ‘मी तर किडमिडीत आहे, मला व्यायामाची काय गरज?’ असे म्हणणाऱ्या मराठी गृहस्थाने हे ध्यानात घ्यावे.

वास्तविक हा निर्देशांक व्यक्तीची प्रकृती ठरवण्यासाठी निर्माण झालाच नव्हता. एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या अदोल्फ केतले या गणितज्ञाने लोकसमूहांच्या सरासरी देहयष्टीचा विचार करताना तो मांडला, आणि १९७२ मध्ये अमेरिकेच्या अँसेल कीज यांनी त्याला आजचे नाव दिले. भारतीयांसाठी त्याची धोक्याची मर्यादा पाश्चात्त्यांहून खाली, २३ आणि २५ अशी धरावी लागते. आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीतील तज्ज्ञ डॉक्टरांनी पुढाकार घेऊन भारतीयांच्या लठ्ठपणाची जी सुधारित व्याख्या प्रसिद्ध केली, तिच्यात केवळ निर्देशांकावर न थांबता पोटाचा घेर, दैनंदिन हालचालींवर आलेल्या मर्यादा आणि जडलेले विकार यांनाही स्थान दिले.

क्षमतेचे महत्त्व दाखवणारा आणखी एक जुना दाखला लंडनच्या बसगाड्यांचा आहे. १९५३ मध्ये जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली गाडीचे जिने दिवसभर चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो. पुढे याच संशोधकांनी दोन्ही वर्गांच्या गणवेशातील विजारींच्या कमरेची मापे मिळवून तपासली. चालकांची कंबर वाहकांच्या कमरेपेक्षा मोठी निघाली हे तर खरेच. परंतु सारख्या कमरेच्या माणसांची तुलना केली तरीही वाहकांचा पक्ष सुरक्षित ठरला. म्हणजे जिने चढण्याचे श्रम, ते कंबर कमी करोत वा न करोत, हृदयाला स्वतंत्रपणे लाभदायक ठरत होते.

घरच्या घरी घेण्याची मापे

पहिले माप कमरेचे. शिंप्याजवळ असते तशी मापाची फीत घ्यावी. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मध्यावर, पोट आत न ओढता, श्वास सहज सोडल्यानंतर फीत त्वचेला टेकेल पण रुतणार नाही अशी धरून वाचावी. आपल्याकडील पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानतात. याहून सोपा नियम असा, की कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. १६० सेंटिमीटर उंचीच्या माणसाची कंबर ८० सेंटिमीटरांच्या आत असली म्हणजे ठीक. यकृताभोवती आणि आतड्यांभोवती साठणारी चरबी मधुमेहाला आमंत्रण देते, आणि तिच्यातील घट वजनापेक्षा फितीवर अधिक लवकर उमटते.

दुसरे माप विश्रांत नाडीचे. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी, मनगटावर अंगठ्याच्या बाजूस तर्जनी आणि मध्यमा टेकवून अर्धे मिनिट ठोके मोजावे आणि त्यांची दुप्पट करावी. प्रौढांत मिनिटाला ६० ते १०० ठोके हे सर्वसाधारण प्रमाण असले, तरी नियमित चालण्याने हृदय प्रत्येक ठोक्याबरोबर अधिक रक्त पुढे लोटू लागते आणि त्यामुळे तेच काम कमी ठोक्यांत भागते. ८२ वर असलेली नाडी काही महिन्यांत ७४ वर आली तर ती हृदयाने स्वतः दिलेली साक्ष समजावी. रक्तदाबाची आणि हृदयाची काही औषधे नाडी मंद करतात. ती घेणाऱ्यांनी या मापाचा अर्थ डॉक्टरांना विचारून लावावा.

तिसरे माप चालीचे. सोसायटीच्या आतला सपाट रस्ता किंवा उद्यानातील वाट ठरवून घ्यावी आणि ६ मिनिटांत आपल्या जलद चालीने किती अंतर तोडता येते ते मोजावे. रुग्णालयांतूनही फुफ्फुसांच्या आणि हृदयाच्या रुग्णांची हीच परीक्षा घेतली जाते. फेरीची लांबी मीटरांत ठाऊक नसली तरी बिघडत नाही, कारण आपली तुलना आपल्याच मागच्या महिन्याशी आहे. वाट मात्र प्रत्येक वेळी तीच असावी. थांबल्यानंतर लगेच आणि बरोबर एका मिनिटाने नाडी पुन्हा मोजावी, म्हणजे ती किती वेगाने खाली येते हेही समजते. हा उतार जितका जलद, तितके हृदय अधिक तयार. एरवीच्या चालण्यात वेग योग्य आहे की नाही हे ओळखण्याची खूण अशी, की सोबत्याशी बोलता यावे परंतु गाणे म्हणता येऊ नये.

चौथे माप पायांच्या बळाचे. भिंतीला टेकवलेल्या, हात नसलेल्या साध्या खुर्चीवर बसून, दोन्ही हात छातीवर दुमडून, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून परत बसता येते ते मोजावे. अमेरिकेतील वृद्धांच्या प्रमाणावरून ६० ते ६४ वयाच्या पुरुषाला १४ पेक्षा आणि स्त्रीला १२ पेक्षा कमी वेळा उठता आले, तर पायांचे बळ सरासरीहून कमी मानतात. मयूर विहारात प्राधिकरणाने बांधलेल्या, उद्वाहक नसलेल्या चारमजली इमारतींत जे राहतात त्यांना ही परीक्षा दररोज आपोआप घडते : भाजीच्या पिशव्या घेऊन तिसरा मजला गाठताना मध्ये किती वेळा थांबावे लागते, याची नोंद हीसुद्धा प्रगतीची नोंद आहे. आपल्या घरांत आणखी एक परीक्षा परंपरेनेच उपलब्ध आहे, ती म्हणजे पूजेला किंवा पंगतीला मांडी घालून बसणे आणि जमिनीला, गुडघ्याला वा भिंतीला हात न लावता उठणे. ब्राझीलमधील क्लाउडिओ जील अराउजो या वैद्यकतज्ज्ञाने २०१२ मध्ये अशाच उठण्या-बसण्याच्या परीक्षेचा आणि आयुर्मानाचा संबंध दाखवून दिला आहे. ज्यांचे गुडघे झिजले आहेत त्यांनी मात्र या परीक्षेच्या वाटेला न जाता खुर्चीचीच परीक्षा करावी.

पाचवे माप तोलाचे. भिंतीजवळ उभे राहून, एक पाऊल उचलून दुसऱ्या पोटरीमागे टेकवावे, दृष्टी समोर ठेवावी आणि १० सेकंद एका पायावर राहता येते का ते पाहावे. अराउजो यांच्याच चमूने ५१ ते ७५ वयाच्या १७०२ जणांची अशी पाहणी करून २०२२ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले; ज्यांना १० सेकंद उभे राहता आले नाही त्यांच्यात पुढील वर्षांतील मृत्यूचा धोका, वय आणि रोग यांचा हिशेब वजा करूनही, पुष्कळच अधिक आढळला. वार्धक्यात एकदा पडून मांडीचे हाड मोडले की सगळे स्वावलंबन धोक्यात येते. म्हणून पन्नाशीनंतर या मापाला नाडीइतकेच मोल द्यावे.

सहावे माप हातांच्या आणि खांद्यांच्या बळाचे. सलग किती सूर्यनमस्कार दम न लागता होतात, भिंतीला किंवा टेबलाच्या कडेला हात टेकून किती जोर निघतात, पिठाची दहा किलोंची पिशवी उचलून किती अंतर नेता येते, यांपैकी आपल्याला झेपणारी एक कृती निवडून तिची संख्या लिहून ठेवावी. मुठीच्या पकडीला तर वैद्यकात फार मोठा मान मिळाला आहे : भारतासह १७ देशांतील सुमारे १ लाख ४० हजार प्रौढांच्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पकडीचे बळ हे मृत्यूच्या धोक्याचे अनुमान करण्यास वरच्या रक्तदाबाच्या आकड्याहूनही अधिक उपयोगी ठरले. बरणीचे घट्ट झाकण आता स्वतःला उघडता येते की दुसऱ्याला बोलवावे लागते, या मामुली गोष्टीत एवढा अर्थ भरलेला आहे.

सातवे माप प्रयोगशाळेचे आहे, आणि ते डॉक्टरांच्या सल्ल्याने तीन किंवा सहा महिन्यांनी घ्यावे : रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारे एचबीए१सी, आणि रक्तातील चरबीचे आकडे म्हणजे ट्रायग्लिसराइड व एचडीएल. नियमित व्यायामाने वजन फारसे न घटताही हे आकडे सुधारू शकतात, कारण काम करणारा स्नायू रक्तातील साखर स्वतःकडे ओढून घेतो.

नोंदवही आणि दिल्लीचे ऋतू

ही मापे घेतल्यावर ती दफ्तरी दाखल झाली पाहिजेत, कारण स्मरणावर भरवसा ठेवला तर मन आपल्या त्या दिवशीच्या लहरीप्रमाणे साक्ष देते. साध्या वहीत महिन्याच्या पहिल्या रविवारी कंबर, नाडी, चाल, खुर्ची, तोल आणि बळ यांचे सहा रकाने भरावेत. वजनाचाही रकाना ठेवावा, परंतु ते आठवड्यातून तीन-चार सकाळी, शौचानंतर आणि न्याहारीपूर्वी घेऊन त्यांची सरासरी लिहावी. चार आठवड्यांच्या सरासऱ्या एकाखाली एक आल्या म्हणजे पाण्याचे चढउतार आपोआप गळून जातात आणि खरी दिशा दिसू लागते.

दिल्लीत ऋतूंचा विचार न करता केलेली तुलना फसवी ठरते. मे-जून महिन्यांत पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा शरीर थंड ठेवण्यासाठी हृदयाला अधिक काम करावे लागते, आणि त्याच चालीला नाडी मार्चपेक्षा वर जाते. याला अधोगती समजू नये. नोव्हेंबरमध्ये हवा धुराने भरते आणि हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक ‘अतिवाईट’ व ‘गंभीर’ या वर्गांत जातो, तेव्हा उघड्यावर जलद चालण्याची परीक्षा पुढे ढकलावी आणि ते दिवस घरातल्या बैठका, नमस्कार व तोल यांना द्यावेत. पौष-माघाच्या थंडीत लोकरीचे कपडे घालून केलेले वजन ज्येष्ठातल्या वजनाशी जुळणार नाही हे उघडच आहे. म्हणून लगतच्या महिन्याशी केलेली तुलना ही तात्पुरती समजावी, आणि या जानेवारीची मागच्या जानेवारीशी केलेली तुलना ही पक्की.

नोंदींचा अर्थ कसा लावावा

वजन स्थिर, कंबर कमी आणि खुर्चीवरून उठण्याची संख्या वाढलेली, असे चित्र दिसले तर ती उत्तम प्रगती होय. चरबी जाऊन तिची जागा स्नायूने घेतली आहे, आणि आहार व व्यायाम जसा चालला आहे तसाच चालू ठेवावा. वजन आणि कंबर दोन्ही स्थिर, परंतु ६ मिनिटांचे अंतर वाढले आणि नाडी उतरली, तर हृदयाने आपले काम चोख केले आहे असे जाणून आता ताटाकडे लक्ष द्यावे : भात-पोळीचे प्रमाण थोडे उतरवून वरण, उसळ, दही, पनीर, चालत असल्यास अंडी किंवा मासे यांचे वाढवावे.

वजन वेगाने घटले, परंतु खुर्चीची संख्या आणि हातांचे बळही घटले, हे चित्र मात्र सावध करणारे आहे. केवळ उपासमारीने किंवा हल्ली प्रचारात आलेल्या वजन घटवणाऱ्या इंजेक्शनांनी उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूंचाही लक्षणीय भाग असतो, आणि चाळिशीनंतर गेलेला स्नायू परत मिळवणे कष्टाचे असते. अशा वेळी काट्यावरचा आकडा पाहून शेजारीपाजारी अभिनंदन करीत असले, तरी डॉक्टरांशी बोलून प्रथिने आणि बळाचा व्यायाम वाढवण्याची तजवीज करावी. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांनी तर हे विशेषच लक्षात ठेवावे, कारण त्या काळात स्नायूंबरोबर हाडांचीही झीज वेगाने होते, आणि हाडांना टिकवणारा व्यायाम वजन पेलण्याचाच असतो.

तीन महिने कोणताच रकाना हलला नाही, तर दोष आपल्या प्रकृतीकडे न देता व्यायामाकडे द्यावा. शरीर सरावाच्या श्रमाला चटकन जुळवून घेते आणि त्यानंतर सुधारण्याचे थांबते. तीच वाट, तोच वेग आणि त्याच गप्पा वर्षभर चालू राहिल्या तर आरोग्य टिकते, पण वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला मध्यम श्रमाची १५० ते ३०० मिनिटे आणि त्यांखेरीज दोन दिवस स्नायूंच्या बळाचा व्यायाम सांगितला आहे; ६५ वर्षांवरील माणसांसाठी आठवड्यातून तीन दिवस तोलाचा अभ्यासही सांगितला आहे. आपल्याकडील बहुतेकांचे पहिले कलम पुरे होते आणि दुसरे कोरे राहते. ते भरून काढण्यासाठी उद्यानांतील लोखंडी व्यायामसाधने आहेत, घरची खुर्ची आहे आणि आजोबांच्या काळापासून चालत आलेल्या जोर-बैठका आहेत. आरंभीच्या आठवड्यांत बळ झपाट्याने वाढते ते मज्जातंतू स्नायूंना कामाला लावण्यास शिकतात म्हणून. स्नायू स्वतः भरतात ते त्यानंतर सावकाश, हे माहीत असले म्हणजे मध्येच गती मंदावल्याने धीर सुटत नाही.

वजनाची योग्य जागा

या विवेचनावरून वजनाकडे काणाडोळा करावा असा अर्थ कोणी काढू नये. ज्यांचा निर्देशांक फार वरचा आहे, ज्यांच्या गुडघ्यांवर किंवा श्वासावर वजनाचा भार पडतो, ज्यांना मधुमेह आहे, त्यांना वजनातील थोडी घटही मोठा दिलासा देते आणि ती साधलीच पाहिजे. प्रयत्नावाचून सहा महिने ते वर्षभरात वजन पाच टक्क्यांहून अधिक उतरले, तर आनंद न मानता तपासणी करून घ्यावी. हृदयाच्या रुग्णाचे वजन दोन-तीन दिवसांत एकाएकी दोन किलोंनी वाढून पाय सुजू लागले, तर ती अंगात पाणी साठत असल्याची सूचना असते आणि डॉक्टरांकडे त्याच दिवशी जावे लागते. चालताना छातीत दडपण, जबड्यात वा डाव्या हातात कळ, घेरी किंवा अवाजवी धाप जाणवली, तर त्या क्षणी थांबावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी. तेथे कोणत्याही नोंदवहीचा हिशेब लागू नाही. तोल आणि उठण्या-बसण्याच्या परीक्षा वृद्धांनी कोणी जवळ असतानाच कराव्यात.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. आपल्यापैकी पुष्कळांची मुले बंगळूरला, पुण्याला किंवा परदेशी आहेत, गावचे घर दूर राहिले आहे, आणि उतारवयाची वर्षे याच वसाहतींत, याच शेजाऱ्यांच्या सोबतीने काढावयाची आहेत. त्या वर्षांत आपल्याला लागणार आहे ते मेट्रोचे जिने चढण्याचे बळ, नातवंडाला उचलून घेण्याची ताकद, न्हाणीघरात पाय घसरला तरी सावरण्याचा तोल आणि कोणाचा हात न धरता बाजारातून परत येण्याइतका दम. हे सर्व व्यायामाने आणि सरावाने कमावता येते, साठाव्या वर्षीही आणि त्यानंतरही. आणि ते कमावले जात आहे की नाही हे कळण्याचे साधन आपल्या हातात आहे. या रविवारी एक वही, एक फीत, एक खुर्ची आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ घेऊन पहिली नोंद करावी, आणि शेजारच्या दोन घरांनाही तीच करावयास लावावी. कारण एकमेकांची वाढती संख्या पाहत केलेला व्यायाम एकट्याने केलेल्या व्यायामापेक्षा अधिक काळ टिकतो, आणि टिकलेला व्यायामच फळ देतो.